ज्येष्ठ रुग्ण, आरोग्यविमा आणि आपले मार्गदर्शन केंद्र

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासकाने आकडे वाचून दाखवावेत, असा प्रघात आहे. आकडे आपल्या हातातील ताळेबंदात आहेत, लेखापरीक्षकांनी ते तपासले आहेत, आणि त्यांचे वाचन मी कोषाध्यक्षांकडे सोपवतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोग मला कळत नाही, बिल कळते. म्हणून आज मी बिलाविषयी, त्यातही सत्तरीच्या पुढे गेलेल्या माणसांच्या बिलाविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडणार आहे, आणि शेवटी विश्वस्त मंडळाकडे एक मागणी करणार आहे.

वृद्ध रुग्णाकडे पैसे नसतील तर पूर्वी त्याच्यासमोर दोनच वाटा असत. एक सवलतीच्या अर्जाची, दुसरी सावकाराच्या पेढीची. आज परिस्थिती तशी नाही. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक भारतीय नागरिकासाठी, त्याचे उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सरकारी तरतूद २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. महाराष्ट्रात तर त्याआधीपासून राज्याची स्वतंत्र योजना आहे. असे असूनही आपल्या बिलाच्या खिडकीवर पाटल्या गहाण ठेवून आणलेल्या नोटा मोजल्या जातात, आणि मोजणारा बऱ्याच वेळा असा मुलगा असतो की ज्याच्या आईला त्या योजनेचा पूर्ण हक्क होता. हक्क होता, कागद नव्हता. माणूस धडधाकट असताना जो कागद अर्ध्या तासात होतो, तोच कागद माणूस अतिदक्षता विभागात असताना दोन दोन, तीन तीन दिवस होत नाही. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा भार या एका गोष्टीवर आहे.

सोलापूरकरांनी या बाबतीत अनभिज्ञ असावे, हे खरे तर नवलच म्हटले पाहिजे. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांच्या जोडीला आपला सोलापूर जिल्हा होता. उर्वरित महाराष्ट्रास ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. पुढे २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि नंतर दोन्ही योजना राज्यात एकत्रितपणे राबवल्या जाऊ लागल्या. मूळ योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेची अट होती. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा पाच लाख झाली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवरील कुटुंबेही त्यात आली. म्हणजे ज्या निवृत्त शिक्षकांना, बँक कर्मचाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना 'हे गरिबांसाठी आहे, आपल्यासाठी नाही' असे वाटत आले, त्यांनाही आता ती लागू आहे. हा बदल अजून घरोघरी पोहोचलेला नाही. आमच्या खिडकीवर येणारे सुशिक्षित गृहस्थ तो ऐकून आमच्याकडेच संशयाने पाहतात!

सत्तरीच्या पुढील व्यक्तीसाठी केंद्राचे 'आयुष्मान वय वंदना' कार्ड निघते. घरच्यांचे आयुष्मान संरक्षण आधीच असेल, तर वृद्धांसाठी पाच लाखांची रक्कम त्याखेरीज वेगळी मिळते आणि ती घरातील तरुणांशी वाटून घ्यावी लागत नाही. खासगी विमा किंवा कर्मचारी राज्य विमा असला तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील निवृत्तांना व माजी सैनिकांना मात्र आपली जुनी योजना किंवा ही नवी, यांतून एकीची निवड करावी लागते, आणि ती निवड घाईने करू नये असे मी मुद्दाम सांगतो. जुन्या योजनेतून बाह्यरुग्ण तपासणी व औषधे मिळत असतील, तर केवळ पाच लाखांच्या आकड्याला भुलून ती सोडणे शहाणपणाचे नाही.

आता अडते कोठे, ते सांगतो. हे पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन ध्यानात येणार नाही, पण येथे बसलेल्या प्रत्येकाला येईल. कार्डासाठी आधारची पडताळणी लागते, आणि पडताळणीसाठी बोटांचे ठसे. आपल्या शहराच्या पूर्व भागातील बायांनी चाळीस-चाळीस वर्षे तेंदूच्या पानावर बोट घासून विड्या वळल्या आहेत. पुरुषांनी यंत्रमागावर सुताशी हात झिजवले आहेत. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या चिमण्या थंडावल्यानंतर गिरणी कामगारांची पुढची पिढी मागांवर आणि विडीवर गेली, आणि तीच पिढी आता सत्तरीत आहे. यंत्र त्यांच्या बोटावर ठसा शोधते आणि ठसा सापडत नाही. ज्या कष्टाने हे शहर उभे राहिले, त्या कष्टाच्या खुणेमुळेच या माणसांना 'ओळख पटत नाही' असे उत्तर मिळावे, याला काय म्हणावे ते साहित्यिकांनी ठरवावे. माझ्यापुढे प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि व्यवहारात त्यावर उपाय आहेत. डोळ्यांच्या बुबुळावरून पडताळणी होते, चेहऱ्यावरून होते, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरूनही होते. परंतु अनेक घरांत आधारशी जोडलेला क्रमांक बंद पडलेला असतो, किंवा पुण्याला नोकरीस गेलेल्या मुलाचा असतो, आणि तो त्या वेळी कामावर असतो. मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यावर बुबुळाचे यंत्रही दर वेळी चालत नाही.

कुंभारीच्या घरकुलातून आलेल्या एका आजींचे उदाहरण मी देतो. नाव सांगण्याचे कारण नाही. मोरीत घसरून त्यांचा खुबा मोडला. अशा वयात हे ऑपरेशन शक्य तितक्या लवकर, साधारणतः दोन दिवसांच्या आत व्हावे, असे आमचे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात, कारण त्यापुढे अंथरुणाला खिळलेल्या शरीरात छातीचा संसर्ग आणि पाठीच्या जखमा शिरतात. ऑपरेशन योजनेत बसणारे होते. आणीबाणीत दूरध्वनीवरून पूर्वमान्यता मिळण्याची सोय आहे, पण कागदपत्रे पाठोपाठ द्यावीच लागतात. ठसे उमटले नाहीत. मोबाइल क्रमांक जुना. शिधापत्रिकेवर नाव माहेरच्या वळणाचे तेलुगू, आधारवर सासरचे, आणि दोन्हींच्या मराठी लेखनात एका अक्षराचा फरक. मुलगा एका खिडकीवरून दुसरीकडे धावत राहिला. अखेर चेहऱ्यावरून पडताळणी झाली, ऑपरेशन झाले, आजी चालू लागल्या. तोपर्यंत मुलाने निम्मे पैसे व्याजाने काढले होते, आणि ते व्याज कोणत्याही योजनेतून परत मिळत नाही. याच आजी पावसाळ्यापूर्वी डोळे तपासायला आमच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन गेल्या होत्या. त्या दिवशी त्यांना कोणी अर्धा तास खुर्चीवर बसवून हे सारे पाहिले असते, तर कर्ज झाले नसते.

कुंभारीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने २००६ साली विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत तेथे उभी राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या कामगारांना मिळाल्या. ही आपल्या शहराला भूषणावह असलेली गोष्ट आहे. परंतु घर बदलले की कागदावरचा पत्ता मागे राहतो. म्हातारी माणसे एका मुलाकडे राहतात, शिधापत्रिका दुसऱ्या मुलाकडे असते, आणि मुलांनी चुली वेगळ्या करताना आईबापांचे नाव कोणत्याच पत्रिकेत गेलेले नसते. भांड्यांची वाटणी चोख होते, आईच्या नावाची होत नाही. शिधापत्रिकेच्या बारा अंकी ऑनलाइन नोंदीत नाव असणे हे राज्याच्या योजनेसाठी आवश्यक आहे. पत्रिका ट्रंकेत जपून ठेवली आहे, एवढे पुरत नाही.

वयाचाही असाच घोळ आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या अनेकांच्या आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख आहे, आणि वर्ष कोणी तरी अंदाजाने घातलेले आहे. प्रत्यक्षात पंच्याहत्तरी उलटलेले आजोबा कागदावर सदुसष्टचे असतात. वय वंदना कार्डासाठी आधारवरील वयच धरले जाते. दुरुस्तीस पुरावा लागतो, आणि तो नसतो. अशा वेळी हट्टाने त्याच कार्डामागे न लागता राज्याच्या योजनेची वाट धरावी, कारण तिला वयाची अट नाही, शिधापत्रिका पुरते. एका दारावर कुलूप असले तर दुसरे दार उघडे आहे, हे सांगणारे माणूस तेवढे हवे.

आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांत कलबुर्गी, विजयपूर, इंडी, आळंद इकडचेही पुष्कळ असतात. रुग्णाला सीमा नसते, शिधापत्रिकेला असते. कर्नाटकच्या शिधापत्रिकेवर महाराष्ट्राची योजना सर्वसाधारणपणे लागू होत नाही. मात्र सीमाभागातील ८६५ मराठी भाषक गावांना राज्य शासनाने २०२३ साली फुले योजनेत सामावून घेतले आहे. आपले गाव त्या यादीत आहे का, हे येण्यापूर्वी पाहून घेतले तर निम्मी वणवण वाचते.

हे झाले सरकारी योजनांचे. आता ज्यांच्याकडे स्वतःचा विमा आहे, त्यांच्याविषयी. हा वर्ग निर्धास्त असतो, आणि माझ्या अनुभवात बिलाच्या वेळी सर्वांत अधिक धक्का यालाच बसतो. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणली, तेव्हापासून आपण सर्वच आरोग्यविम्याला मेडिक्लेम म्हणतो. पॉलिसी आहे, म्हणजे सर्व खर्च मिळणार, ही समजूत त्या शब्दाबरोबरच रूढ झाली असावी.

खोलीच्या भाड्याचेच उदाहरण घ्या. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार आहे, आणि नातलगांनी वडिलांना आराम मिळावा म्हणून आठ हजारांची खोली घेतली. सर्वांची कल्पना अशी की, वरचे तीन हजार आपण भरायचे. तसे नसते. अशा अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क अशा संलग्न खर्चांनाही तेच प्रमाण लागते. संलग्न खर्च एक लाख साठ हजार झाला असेल, तर कंपनी त्याचा आठातील पाच भाग, म्हणजे एक लाख देईल. साठ हजार आपल्या खिशातून. औषधे, शरीरात बसवायचे साहित्य आणि तपासण्या यांना ही कपात लागू करू नये असा नियम आहे, पण उरलेला फटका मोठाच असतो. हे गणित सहावीच्या मुलाला येते. परंतु खोली निवडताना ते कोणी करत नाही, कारण त्या वेळी वडिलांची छाती दुखत असते. म्हणून दाखल करतानाच पॉलिसी मागून घेऊन मर्यादा तपासावी, आणि खोली सुचवताना ती तोंडी नव्हे तर लेखी सांगावी, असा दंडक मी दाखलपत्र विभागास घालून दिला आहे. यामुळे आपल्या महागड्या खोल्या काही वेळा रिकाम्या राहतात. राहोत.

दुसरी गोष्ट आजार लपवण्याची. प्रस्तावपत्रात मधुमेह, रक्तदाब यांसमोर 'नाही' लिहिले की हप्ता कमी बसतो, असे सांगणारे भेटतात, आणि काकांनी नुसती सही केलेली असते. दाव्याच्या वेळी आमच्याच केसपेपरवर 'दहा वर्षांपासून मधुमेह' असे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलेले असते. तेथे दावा अडकतो. डॉक्टरांनी ते वाक्य बदलावे म्हणून नातलग माझ्याकडे येतात. ते बदलले जाणार नाही, हे मी या व्यासपीठावरून पुन्हा एकदा नम्रपणे सांगतो. खरे लिहून विमा घेतला, तर नियम आज ज्येष्ठांच्या पूर्वीपेक्षा पुष्कळ बाजूचे आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली नव्या पॉलिसीसाठीची पासष्ट वर्षांची मर्यादा काढून टाकली. अर्थात कंपनीने प्रत्येकाला स्वीकारलेच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही, तपासणी व हप्ता आहेतच. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाल अधिकाधिक तीन वर्षांवर आला. पाच वर्षे पॉलिसी अखंड चालू राहिली, की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय करावा लागतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे. हप्ता परवडत नाही म्हणून पॉलिसी सोडण्याच्या विचारात असलेल्यांनी नवा आकडा पाहून मगच ठरवावे. एकदा खंड पडला की साठलेली वर्षे वाया जातात, हे भविष्यनिर्वाह निधी मध्येच मोडण्यापेक्षाही वाईट.

रोकडविरहित उपचारांच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतेवेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत कंपनीने निर्णय द्यावा, असाही नियम झाला आहे. त्याचा लाभ रुग्णास मिळायचा, तर आपल्याकडून अंतिम बिल वेळेत जावयास हवे. सकाळी डॉक्टरांनी 'घरी जा' म्हणावे आणि दुपारी बिल तयार व्हावे, यात कंपनीचा दोष नसतो.

दावा अन्यायाने नाकारला गेला, असे वाटले तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर पटले नाही तर, विमा लोकपालाकडे जाता येते. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा देण्याचा अधिकार आहे, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षात अर्ज जावा लागतो. कित्येक जण त्या वर्षभरात एजंटाच्या घरी खेटे घालत बसतात.

येथपर्यंत मी खाटेवरील उपचारांचे बोललो. परंतु म्हातारपण खाटेवर फार थोडे दिवस जाते. उरलेले घरात जाते, आणि तेथे सरकारी कार्डही चालत नाही, बहुधा खासगी विमाही चालत नाही. रोजची रक्तदाबाची गोळी, चष्मा, कानाचे यंत्र, कवळी, काठी, रात्री उठवून लघवीला नेणारे माणूस, या गोष्टी विम्यात नाहीत. म्हणून मार्गदर्शन केंद्राने कार्ड काढून देऊन थांबू नये. पासष्ट वर्षांवरील व दोन लाखांहून कमी वार्षिक उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. अगदीच निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये तहसील कार्यालयातून मंजूर होतात. उत्पन्नाची अट वर्षाला एकवीस हजारांची असल्याने ती फार थोड्यांना पार करता येते, पण ज्यांना येते त्यांच्यासाठी ते औषधाचे पैसे असतात. जनऔषधी दुकानात त्याच गुणाचे औषध पुष्कळ स्वस्त मिळते. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव स्वच्छ अक्षरांत लिहावे, ही माझी त्यांना जुनीच विनंती आहे. एस.टी.चा प्रवास पासष्टपासून अर्ध्या तिकिटात आणि पंच्याहत्तरीनंतर विनामूल्य आहे, म्हणून अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडील आजोबांना फेरतपासणीस बोलावताना बसच्या वेळा पाहून बोलवावे.

येथे एक विषयांतर. कायद्याने माणूस साठाव्या वर्षी ज्येष्ठ होतो, श्रावणबाळसाठी पासष्टाव्या, आयुष्मानसाठी सत्तराव्या आणि एस.टी.च्या मोफत प्रवासासाठी पंच्याहत्तराव्या वर्षी. एकच गृहस्थ चार कार्यालयांत चार वेळा म्हातारा होतो. त्याने हे सारे तोंडपाठ ठेवावे, अशी अपेक्षा आपण कशी करणार?

आणि काही प्रश्न पैशाने सुटणारे नसतात. उपचार संपले तरी न्यायला कोणी येत नाही, असे वृद्ध आपल्या वॉर्डात राहतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात साध्या अर्जावर दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. तथापि अर्ज लिहिण्याआधी मुलाला बोलावून समोरासमोर बसवले, तर बऱ्याच वेळा अर्जाची वेळ येत नाही. मुलगा निर्दय असतोच असे नाही. दोन खोल्यांत सहा माणसे, बायको मागावर, आणि आता अंथरुणातला बाप, या हिशेबाने तो घाबरलेला असतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही अशा वेळी उपयोगी पडते.

आता मागणीकडे वळतो. विश्वस्त मंडळात दोन आक्षेप आले आहेत, त्यांचे उत्तर येथे सर्वांसमक्ष देणे योग्य होईल. पहिला असा की, योजनेतील अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र असतातच, मग आपला पगारी माणूस कशाला? आरोग्यमित्र मोलाचे काम करतात, पण रुग्ण दाखल व्हायला आल्यावर. माझा सारा मुद्दा त्याआधीच्या दिवसांविषयी आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर मी हिशेबाने देतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार झालेल्या योजनेप्रमाणे आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. हा निधी अक्षय नाही. सरकारी योजनेत बसणारा रुग्ण केवळ कागदाअभावी या निधीतून बरा केला जातो, तेव्हा ज्याच्यापाशी कोणताच कागद नाही, जो फुटपाथवरून उचलून आणला जातो, त्याचा वाटा आपण खर्च करतो. समुपदेशकाचा पगार हा निधीवरचा बोजा नाही, निधीचे रक्षण आहे.

एका खासगी विमा कंपनीने आपला प्रतिनिधी आपल्या दालनात विनामूल्य बसवण्याची तयारी दाखवली होती. मी आभार मानून नकार कळवला. जो पॉलिसी विकतो, त्याने 'तुम्हाला ही पॉलिसी नको' असे सांगावे, ही अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने प्रत्येक राज्यात ज्येष्ठांसाठी विनामूल्य विमा-समुपदेशन सुरू झाले. त्याचे तत्त्व हेच की, सल्ला देणाऱ्याने काही विकायचे नाही. त्यांचे कित्येक समुपदेशक स्वयंसेवक असतात, स्वतः निवृत्त झालेले. आपल्या शहरात निवृत्त बँक अधिकारी, विमा कर्मचारी व शिक्षक यांची वाण नाही, आणि ज्येष्ठ नागरिक संघही कार्यरत आहेत. आठवड्यातून एक सकाळ देणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मी घेतो. त्याच न्यायाने आपला समुपदेशकही बिल विभागाच्या हाताखाली असू नये. ज्या उपचारासाठी आपण अंगीकृत नाही, त्यासाठी त्याने रुग्णाला बेधडक सिव्हिलला किंवा अन्य अंगीकृत रुग्णालयात पाठवावे, आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू नये.

सध्या हे केंद्र एका समाजसेविकेच्या दुपारच्या वेळेत चालते. मला पूर्णवेळ एक माणूस हवे आहे. मराठीबरोबर तेलुगू व कन्नड बोलणारे, कारण पूर्व भागातील आजी संकटात मातृभाषेतच बोलते. त्याने दर शनिवारी पूर्व भागात, कुंभारीत, विडी कारखान्यांच्या दारात माल द्यायला येणाऱ्या स्त्रियांत जाऊन बसावे. देणगीदारांना मी एवढेच विनवीन की, सोनोग्राफीच्या यंत्रावर दात्याच्या नावाची पितळी पाटी लावता येते, पगारावर लावता येत नाही. पगारासाठी देणारा दाता मिळणे म्हणूनच कठीण आहे. तीन वर्षांच्या वेतनाची तरतूद झाली, तर हे पद पुढच्या महिन्यापासून भरता येईल. तसा ठराव विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकास आहे.

रुग्णांच्या आप्तांना सूचना अशी की, केंद्र बाह्यरुग्ण नोंदणीच्या शेजारच्या खोलीत आहे. येताना आधार, शिधापत्रिका, आधारशी जोडलेला मोबाइल प्रत्यक्ष हातात, आणि असल्यास विम्याची मूळ पॉलिसी आणावी. केवळ हप्त्याची पावती चालणार नाही. आजारी पडण्याची वाट पाहू नये. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या वतीने मुलगा, सून, नात, शेजारी, कोणीही यावे. चेहऱ्यावरून पडताळणी करण्यासाठी आमचे माणूस घरी येईल, तेवढ्या वेळेपुरते आजोबांना पारावरून घरी आणून ठेवावे.